दुखावणाऱ्याशी दयेने वागताना
ख्रिस्ती क्षमाविचार आणि घरातील शुश्रूषा

घरातील वृद्धाची शुश्रूषा करणाऱ्याला औषधांच्या वेळा, पथ्य, अंथरुणावरील जखमांची निगा या गोष्टी कोणीतरी समजावून देते. परंतु ज्याची सेवा करायची त्यानेच शिवी दिली, अन्नाचे ताट भिरकावले किंवा चोरीचा आळ घेतला, तर काय करावे, हे सहसा कोणी सांगत नाही. याची दुसरी बाजूही तितकीच दुःखद आहे. ज्या मुलांना वाढवले त्यांनीच चारचौघांत 'तुम्हांला काही कळत नाही, गप्प बसा' असे सुनावले, किंवा महिनोन्‌महिने बोलणेच टाकले, तर वृद्धाने ते कसे सोसावे? झोप लागत नाही, छातीत धडधडते, रक्तदाब आटोक्यात येत नाही, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात अशी एखादी दुखावणूक घर करून बसलेली असते. तपासणी संपून रुग्ण दारापर्यंत जातो आणि मग मागे वळून ती गोष्ट सांगतो, हा बहुतेक डॉक्टरांचा अनुभव आहे.

वाईट वागणाऱ्याशी चांगले वागावे, ही शिकवण आपल्याला परकी नाही. अंगावर पुनःपुन्हा थुंकणाऱ्या माणसावर न रागावता दर वेळी गोदावरीत स्नान करून येणाऱ्या संत एकनाथांची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ख्रिस्ती धर्मात हा विचार अगदी केंद्रस्थानी आहे. आपल्या सिंधुदुर्गात सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ले या परिसरात ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत; २००५ पासून सिंधुदुर्ग हा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत असून त्याचे मुख्य चर्च सावंतवाडीत आहे. शेजारच्या गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी येशूचे चरित्र मराठी ओव्यांत रचले, ते 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापले गेले. म्हणजे हा विचार आपल्या भाषेत चारशे वर्षांहून अधिक काळ आहे. नाताळचा फराळ आपण वाटून खातो. त्यामागील क्षमाविचारही समजून घेतला, तर शुश्रूषेच्या कामी तो सर्वांनाच उपयोगी पडेल.

शिकवण काय आहे आणि काय नाही

डोंगरावरील प्रवचनात येशूने शत्रूवर प्रीती करण्यास आणि छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करण्यास सांगितले. ख्रिस्ती माणूस जी प्रभूची प्रार्थना रोज म्हणतो, तिच्यात स्वतःसाठी क्षमा मागताना आपणही इतरांना क्षमा करतो याची आठवण ठेवावी लागते. किती वेळा क्षमा करावी, या पेत्राच्या प्रश्नाला येशूने दिलेल्या उत्तराचा आशय, मोजत बसू नये, असाच आहे. पुढे संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सूड स्वतःच्या हाती न घेण्याचा, भुकेल्या वैऱ्याला जेवू घालण्याचा आणि वाइटाला चांगल्याने जिंकण्याचा उपदेश केला.

या शिकवणीचा अर्थ 'सगळे मुकाट्याने सोसावे' असा अनेकदा लावला जातो. त्याने आजवर पुष्कळ नुकसान केले आहे, विशेषतः स्त्रियांचे आणि परावलंबी वृद्धांचे. बायबलमधीलच तीन प्रसंग पाहिले, तर हा अर्थ टिकत नाही.

पहिला प्रसंग येशूच्या चौकशीचा आहे. प्रमुख याजकापुढे उभे असताना एका शिपायाने त्याला चापट मारली. येशूने उलट हात उगारला नाही, परंतु तो गप्पही बसला नाही. माझे बोलणे चुकले असेल तर ते दाखवून दे, चुकले नसेल तर मला का मारतोस, अशा आशयाचा प्रश्न त्याने विचारला. दुसरा गाल पुढे करण्याची शिकवण ज्याने दिली, त्याचेच हे आचरण आहे. तेव्हा दुसरा गाल पुढे करणे म्हणजे मार खात राहणे नव्हे. मारणाऱ्याच्या पातळीवर न उतरता आपली मान ताठ ठेवणे होय, असे काही अभ्यासक सांगतात.

दुसरा प्रसंग दावीद आणि शौल राजा यांचा. शौल दाविदाच्या जिवावर उठला होता. एकदा गुहेत शौल अनायासे दाविदाच्या हाती सापडला, तेव्हा दाविदाने त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापला आणि त्याला जिवंत जाऊ दिले. शौल रडला, त्याने आपली चूक कबूल केली. तरीही दावीद त्याच्याबरोबर राजवाड्यात परतला नाही. तो आपल्या सुरक्षित जागी निघून गेला. क्षमा करणे आणि पुन्हा एका छपराखाली राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा प्रसंग योसेफाचा. सावत्र भावांनी त्याला गुलाम म्हणून विकले. पुढे दुष्काळात तेच भाऊ धान्यासाठी त्याच्या दारी आले. योसेफाने त्यांना धान्य दिले, परंतु ते बदलले आहेत की नाहीत याची आधी परीक्षा पाहिली. ओळख पटल्यानंतरही 'काही घडलेच नाही' असे तो म्हणाला नाही. भावांनी वाईटच योजले होते हे त्याने स्पष्ट सांगितले आणि मग त्यांचे व त्यांच्या मुलाबाळांचे पोषण करण्याचे वचन दिले.

ज्याला कळत नाही त्याच्यासाठी

क्रुसावर खिळले जात असताना येशूने मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली आणि तिचे कारणही सांगितले: आपण काय करीत आहोत हे त्यांना कळत नाही. हे कारण प्रत्येक शुश्रूषा करणाऱ्याने मनाशी जपून ठेवावे. कारण आजारी वृद्धाच्या पुष्कळशा दुखावणाऱ्या वागण्याला ते शब्दशः लागू पडते.

स्मृतिभ्रंश झालेल्या सासूबाई 'सुनेने माझ्या बांगड्या चोरल्या' असे शेजारणीला सांगतात, तेव्हा त्या खोटे बोलत नसतात. बांगड्या कपाटात ठेवल्याची आठवणच मेंदूतून पुसली गेलेली असते आणि ती रिकामी जागा मेंदू आपल्या परीने भरून काढतो. समोर सतत दिसणारी व्यक्ती सूनच असल्यामुळे आळ तिच्यावर येतो. जी सर्वांत अधिक सेवा करते तीच सर्वांत अधिक बोलणी खाते, आणि दोन दिवसांसाठी मुंबईहून आलेल्या मुलीचे मात्र कौतुक होते, याचे हेही एक कारण आहे. अशा वेळी पुरावे देऊन वाद घालण्यात अर्थ नसतो. पुरावा स्मरणात राहतच नाही, फक्त भांडणाचा कडवटपणा मागे राहतो. 'आई, बांगडे गेले खंय? गावतले, आपण दोघांय सोधुया,' असे म्हणून शोधायला लागावे आणि मग चहाकडे किंवा अंगणातल्या फुलांकडे लक्ष वळवावे.

दया करायची म्हणून वैद्यकीय कारणाकडे मात्र दुर्लक्ष होता कामा नये. एरवी शांत असलेला वृद्ध एक-दोन दिवसांत एकाएकी चिडखोर, संशयी किंवा बडबड करणारा झाला, तर त्याला 'स्वभाव बिघडला' असे म्हणू नये. लघवीचा जंतुसंसर्ग, छातीतील संसर्ग, रक्तातील सोडियम किंवा साखर कमी होणे, शौचास न होणे, लघवी तुंबणे, सांगता न येणारी वेदना, नव्याने सुरू केलेले एखादे औषध, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. वृद्धापकाळातील नैराश्य पुष्कळदा रडण्यातून न दिसता चिडचिडीतून दिसते. ऐकू कमी येणाऱ्याला आपल्याविषयीच कुजबुज चालली आहे असे वाटते. पक्षाघातानंतर काहींचा रागावरील ताबा सुटतो. यांतील बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत.

प्रत्यक्ष प्रसंगी पुढील गोष्टी उपयोगी पडतात:

• आवाज चढवू नये. समोर, त्यांच्या नजरेच्या पातळीवर बसून छोट्या वाक्यांत बोलावे.
• शब्दांना उत्तर न देता भावनेला द्यावे. 'मला घरी जायचे आहे' असे स्वतःच्याच घरात बसून म्हणणाऱ्या व्यक्तीला बहुधा भीती वाटत असते.
• आंघोळ, कपडे बदलणे अशा वेळी विरोध झाला, तर हट्ट न धरता अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न करावा.
• तिन्हीसांजेला अस्वस्थता वाढत असेल, तर दिवे लवकर लावावेत, दूरदर्शन बंद ठेवावे.
• स्वतःचा राग अनावर होतो आहे असे वाटल्यास, रुग्ण सुरक्षित आहे हे पाहून पाच मिनिटे बाहेर जावे आणि सावकाश दीर्घ श्वास घ्यावेत.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. रुग्णांच्या झुंडी आजूबाजूला असतानाही येशू वेळोवेळी एकांतात निघून जाई, असे शुभवर्तमानांत लिहिले आहे. अखंड सेवा करणे हे कोणत्याही धर्माने एका व्यक्तीवर लादलेले नाही. आठवड्यातून काही तास तरी दुसऱ्या कोणीतरी जबाबदारी घेतलीच पाहिजे. लांब राहणाऱ्या भावंडांनी फोनवरून सूचना देण्याऐवजी वर्षातील काही आठवडे स्वतः येऊन राहावे, किंवा पगारी मदतनिसाचा खर्च उचलावा.

ज्याला कळते त्याच्यासाठी

सर्वच दुखावणूक आजारातून येत नाही. निवृत्तिवेतनाचे पैसे काढून घेणारा मुलगा, घराच्या किंवा कलमबागेच्या कागदावर दमदाटीने सही घेणारा पुतण्या, वेळेवर जेवण न देणारे कुटुंब, यांना आपण काय करतो हे ठाऊक असते. उलटपक्षी, पूर्ण शुद्धीत असलेले काही वृद्धही सुनेचा किंवा मदतनीस बाईचा वर्षानुवर्षे अपमान करीत असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठ वर्षांवरील सुमारे सहांपैकी एका व्यक्तीला एका वर्षात कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या छळाला तोंड द्यावे लागते. त्यांपैकी बहुतेक जण 'घरची अब्रू' म्हणून बोलत नाहीत.

येथे योसेफ आणि दावीद यांचा मार्ग लागू होतो. आधी सत्य बोलावे, शांतपणे आणि एकांतात. येशूनेही दुखावणाऱ्याशी प्रथम एकट्याने बोलण्यास, ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर नेण्यास आणि तरीही न ऐकल्यास समाजापुढे गोष्ट मांडण्यास सांगितले आहे. आपल्याकडे घरातील वडीलधारे, फॅमिली डॉक्टर, गावातील विश्वासू माणूस किंवा चर्चचे फादर हे काम करू शकतात. दयेने वागणे म्हणजे बोलताना त्याचा अपमान न करणे, जुनी सर्व उणीदुणी न काढणे आणि सुधारण्याची वाट मोकळी ठेवणे.

त्याने भागले नाही, तर कायद्याचा आधार घेण्यात अधर्म नाही. पौलाने स्वतः रोमन नागरिक म्हणून आपला हक्क सांगून सम्राटाकडे दाद मागितली होती. आपल्याकडे २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण अधिनियमानुसार उपविभागीय स्तरावरील न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्चासाठी अर्ज करता येतो. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि ती अट मोडली गेली, तर असे हस्तांतरण रद्द ठरवून घेता येते. म्हणून बक्षीसपत्र करताना ही अट कागदावर जरूर लिहून घ्यावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, मानसिक त्रासासाठी १४४१६ ही टेलि-मानस सेवा आहे, आणि मारहाण होत असेल तर ११२ क्रमांकावर पोलीस बोलावता येतात. छळ सोसणाऱ्या सुनेला २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याचे संरक्षण आहे.

क्षमा आणि न्याय एकत्र नांदू शकतात, याचे एक उदाहरण मध्य प्रदेशातील आहे. आदिवासी आणि भूमिहीनांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी झटणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमधून प्रवास करताना भोसकून हत्या झाली. समंदर सिंह या मारेकऱ्याला न्यायालयाने शिक्षा दिली. २००२ साली राणी मारिया यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. पुढे त्यांच्या आईनेही त्याला क्षमा केली. २००६ मध्ये सुटका होईपर्यंत त्याने दशकभराचा तुरुंगवास भोगला होता. क्षमा मिळाली म्हणून गुन्हा पुसला गेला नाही, आणि शिक्षा झाली म्हणून क्षमा अनावश्यक ठरली नाही.

आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १८८९ साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढल्याच वर्षी ते पुण्याला हलवले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून त्यांच्यावर 'केसरी'तून कठोर टीका झाली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई आपल्या मताला चिकटून राहिल्या. ज्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी आणि जोगिणींनी त्यांच्या श्रद्धेला वळण लावू पाहिले, त्यांनाही त्या पत्रांतून निर्भीड उत्तरे देत असत. परंतु ज्या समाजाने त्यांना टाकले, त्याच समाजाच्या टाकलेल्या लेकींसाठी त्यांनी दार उघडे ठेवले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुलींना आणले. केडगावचे मुक्तिसदन त्यांतून उभे राहिले.

जुने शल्य आणि शरीर

वृद्धापकाळी वर्तमानातील त्रासापेक्षा जुने शल्य अधिक टोचते. भाऊबंदकीत गेलेली जमीन, लग्नात झालेला अपमान, वडिलांच्या अंत्यसंस्काराला न आलेला भाऊ. रात्री झोप उडाली की या गोष्टी पुनःपुन्हा डोळ्यांसमोर येतात, आणि शरीर प्रत्येक वेळी त्या आत्ताच घडत असल्याप्रमाणे प्रतिसाद देते. अमेरिकेतील होप कॉलेजमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ७१ विद्यार्थ्यांना दुखावणाऱ्या व्यक्तीविषयी कधी आकसाने, तर कधी सहानुभूतीने विचार करण्यास सांगितले. आकसाने विचार करताना हृदयाचे ठोके आणि रक्तदाब अधिक वाढले. हा तरुणांवरील छोटा प्रयोग होता. तेवढ्यावरून क्षमा केल्याने रक्तदाबाची गोळी बंद करता येईल असे समजू नये. गोळी चालूच ठेवावी.

एव्हरेट वर्दिंग्टन हे क्षमेचा अभ्यास करणारे ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या वृद्ध आईची घरात शिरलेल्या चोराने हत्या केली, तेव्हा आपलेच संशोधन स्वतःवर वापरण्याची वेळ त्यांच्यावर आली. त्यांनी विकसित केलेल्या पद्धतीची कार्यपुस्तिका कोलंबिया, हाँगकाँग, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका आणि युक्रेन येथील साडेचार हजारांहून अधिक लोकांना देऊन पाहण्यात आली. ज्यांनी ती आधी सोडवली, त्यांच्यात आकसाबरोबर नैराश्य आणि चिंता यांची लक्षणेही कमी झाली. तिचा सारांश असा:

१. काय घडले ते स्वतःला नीट, न वाढवता आणि न लपवता सांगावे. शक्य असल्यास लिहावे.
२. दुखावणाऱ्याची त्या वेळची स्थिती, भीती, अज्ञान समजून घेण्याचा प्रयत्न करावा. समजणे म्हणजे समर्थन नव्हे.
३. आपल्यालाही कोणीतरी कधी क्षमा केली होती, ते आठवावे आणि तशीच क्षमा देणगी म्हणून द्यावी.
४. हा निर्णय लिहून ठेवावा किंवा विश्वासू व्यक्तीला सांगावा.
५. राग पुन्हा उसळला, तर क्षमा फसली असे मानू नये. निर्णयाची आठवण करावी.

सूड न घेण्याचा निर्णय एका दिवसात होऊ शकतो; मन निवळण्यास महिने, कधी वर्षे लागतात. ख्रिस्ती माणूस या काळात दुखावणाऱ्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करतो. ज्यांची श्रद्धा वेगळी आहे, त्यांनी आपल्या देवापुढे दिवा लावताना त्याचे भले चिंतिले तरी चालेल.

जवळच्या माणसांनी काय पाळावे

दुखावलेल्या माणसाला 'आता सोडून द्या हो, क्षमा करा' असे सांगण्याची घाई करू नये. आधी त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे. मागून घेतलेली क्षमा हा दुसरा जुलूम ठरतो. अखेरच्या आजारात पुष्कळांना दुरावलेल्या माणसाला भेटावेसे वाटते. अशी इच्छा दिसली, तर भेट घडवून आणावी, परंतु रुग्णाची इच्छा नसताना कोणाला अंथरुणापाशी आणून उभे करू नये. ज्याने त्रास दिला त्याची शुश्रूषा करण्याची वेळ आलीच, तर औषध, अन्न आणि स्वच्छता यांत कसूर होऊ देऊ नये. मनात प्रेम दाटून येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पौलाने भुकेल्या वैऱ्याला जेवू घालण्यास सांगितले, त्याच्याशी मैत्री जुळेपर्यंत थांबण्यास सांगितले नाही.

याच पत्रात त्याने आणखी एक सवलत दिली आहे, ती थकलेल्या शुश्रूषकाने विसरू नये. सर्वांशी शांततेने राहावे, असे म्हणताना त्याने ते जितके आपल्या हाती आहे तितक्यापुरतेच मर्यादित ठेवले. समोरचा बदलेल की नाही, हे आपल्या हाती नाही. आज आपण उलट शब्द बोललो नाही, खरे ते सांगितले, स्वतःला आणि रुग्णाला इजा होऊ दिली नाही, एवढे झाले असेल तर आजचे काम पूर्ण झाले असे समजून निजावे.